गुलाबी डोक्याच्या बदकाची साक्ष

हिवाळ्यातील पहाट आहे, तळ्यावर धुके उतरले आहे, आणि काठच्या उंच गवताआडून एक बदक हळूच पाण्यात सरकते. अंग काळपट तपकिरी. परंतु डोके व मान मात्र नुकत्याच उमललेल्या गुलाबाच्या रंगाची! असे दृश्य उद्या आपणांपैकी कोणाला दिसले, तर आपण काय कराल? बहुतेक जण खिशातील मोबाइल काढून छायाचित्र घेतील आणि पाच मिनिटांच्या आत ते शंभर परिचितांकडे रवाना करतील. काही जण घरी जाऊन पुस्तके चाळतील. एखादा अबोल मनुष्य कोणाला काहीच न सांगता ते सुख आपल्यापाशी ठेवील. या तीन मार्गांतील बरा कोणता, हा प्रश्न वाटतो तितका रिकामपणचा नाही. ज्याचे वर्णन मी आत्ता केले, तो पक्षी आपल्या देशात खात्रीलायकपणे शेवटचा पाहिला गेला तो १९३५ साली. त्यानंतर त्याच्याविषयी जे काही आपल्या हाती आले, ते सारे 'मी पाहिला' असे म्हणणाऱ्यांच्या साक्षींच्या रूपाने आले. त्या साक्षींविषयीच आज मला बोलावयाचे आहे. त्यांत एक साक्ष माझीही आहे, आणि ती फारशी भूषणावह नाही, हे आधीच सांगून टाकतो.

प्रथम पक्ष्याची ओळख करून घेऊ. लॅथम नावाच्या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने १७९० साली त्याला शास्त्रीय नाव दिले. आपण त्याला सरळ 'गुलाबी डोक्याचे बदक' म्हणू. उत्तरेकडे त्याला 'गुलाबसिर' म्हणत. 'लालसिरा' असेही म्हणत. हे दुसरे नाव कृपा करून ध्यानात ठेवावे, पुढे त्याने मोठा घोटाळा करून ठेवला आहे. गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांच्या सखल प्रदेशात, विशेषतः बिहार, बंगाल व आसाम या भागांत, माणसाच्या उंचीहून उंच गवताची दाट राने असत. त्यांच्या पोटात लहान लहान, संथ पाण्याची डबकी दडलेली असत. तेथे एका बाजूस वाघ आणि दुसऱ्या बाजूस मगर, असा शेजार! अशा ठिकाणी हे बदक जोडीने किंवा लहान टोळीने राही. घरटे गवतात असे. आणि अंडी जवळजवळ चेंडूसारखी गोल. बदकांच्या कुळात असली अंडी कोणी पाहिली नव्हती, म्हणून संग्राहकांना त्यांचे मोठे अप्रूप वाटे.

आता एक चमत्कारिक गोष्ट पाहा. एकोणिसाव्या शतकात हा पक्षी कलकत्त्याच्या बाजारात हिवाळ्यात विकावयास येत असे. मुबलक नव्हे, परंतु इतर बदकांच्या जुड्यांत अधूनमधून एखादा असेच. त्याच्या मांसाची कोणी विशेष वाखाणणी केलेली नाही. म्हणजे टोपलीत पडलेला तो पक्षी शेकडो लोकांनी पाहिला असेल. आचाऱ्यांनी सोलला असेल. मेमसाहेबांनी नाक मुरडून परत पाठवला असेल. तरीसुद्धा तो काय खातो, पिलांना कसा वाढवतो, वर्षाच्या कोणत्या महिन्यात कोठे जातो, यांविषयी आज आपणापाशी जी माहिती आहे ती दोन-चार पानांत मावते. जगातील सर्व संग्रहालये धुंडाळली तर त्याचे सुमारे ऐंशी नमुने भरतात. जिवंत पक्ष्याची छायाचित्रे मिळतात तीही विलायतेतील. सरे परगण्यातील फॉक्सवॉरन पार्क येथे आल्फ्रेड एझ्रा या धनिकाने हौसेने पाळलेल्या पक्ष्यांची. बिहारच्या गवतात वाढलेल्या पक्ष्याचे चित्र आपण इंग्लंडातील हौदावर पाहावे, यात जो उपरोध आहे तो मी उलगडून सांगत बसत नाही.

ही उणीव राहिली ती लिहिणारे नव्हते म्हणून, असे मात्र नव्हे. लिहिणारे होते. राष्ट्रीय सभेचे एक संस्थापक म्हणून ज्यांना आपण ओळखतो, ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे त्या काळचे हिंदुस्थानातील सर्वांत मोठे पक्षिवेत्ते. त्यांनी 'स्ट्रे फेदर्स' म्हणजे 'विखुरलेली पिसे' या नावाचे नियतकालिक चालविले. देशभरचे सरकारी अंमलदार, डॉक्टर, चहामळेवाले, आगगाडीचे इंजिनियर त्यांना पत्रे लिहीत, आणि ह्यूमसाहेब ती छापीत. पुढे त्यांनी एका मोठ्या ग्रंथासाठी जमविलेली हस्तलिखिते सिमल्याच्या घरातून नोकराने बाजारात रद्दी म्हणून विकली, आणि या मनुष्याने पक्षिशास्त्राला कायमचा रामराम ठोकून आपला सारा संग्रह विलायतेच्या संग्रहालयास देऊन टाकला. त्या रद्दीच्या पुड्यांतून कोणी किती शेर चणे नेले असतील कोण जाणे!

आपल्या मुंबईतही याच सुमारास एक लहानशी घटना घडली. १८८३ सालच्या सप्टेंबर महिन्यात आठ गृहस्थ भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, एकत्र जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्या आठांत दोघे आपले होते: प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. संस्थेचा हेतू मोठा साधा ठेवलेला होता. प्राणिसृष्टीविषयी एकमेकांस टिपणे सांगावयाची, निरीक्षणे पुढे मांडावयाची आणि काही मनोरंजक नमुने असल्यास ते दाखवावयाचे. आज ज्याला आपण मोठ्या रुबाबात 'माहितीची देवाणघेवाण' म्हणतो, ती हीच. १८८६ पासून संस्थेचे त्रैमासिक निघू लागले, आणि त्याच्या शेवटच्या पानांत लहान लहान टिपणांचा एक विभाग असे. मला विचाराल तर साऱ्या अंकातील वाचनीय भाग तोच. कोणी जंगल खात्यातला साहेब लिहितो की अमुक पाणथळीवर तमुक पक्षी पाहिला. पुढच्या अंकात दुसरा कोणी नम्रपणे विचारतो की आपण त्याचे पाय कोणत्या रंगाचे होते हे पाहिले काय? तिसऱ्या अंकात पहिला साहेब कबूल करतो की पाय पाण्यात होते. या सभ्य भांडणांतूनच या देशातील पक्ष्यांची माहिती शंभर वर्षे गाळून, निवडून निघाली आहे.

परंतु या साऱ्या टिपणांत एक प्रकारचे टिपण कोणी सहसा पाठवीत नसे. 'मी गेलो, दिवसभर शोधले, आणि तो पक्षी दिसला नाही', असे कोण लिहिणार? न दिसलेल्या पक्ष्याबद्दल टपालाचे तिकीट कोण खर्च करणार? आणि गुलाबी डोक्याच्या बदकाचा घात झाला तो नेमका येथे. गवताची राने तोडली गेली, डबकी उपसून भातशेती आली, बंदुका स्वस्त झाल्या. पूर्वी एका हिवाळ्यात चार-पाच पक्षी दिसत तेथे एक दिसू लागला. मग तीन वर्षांत एक. जो दिसला तो दुर्मीळ म्हणून मारून जपून ठेवला गेला आणि त्याची नोंद झाली. मधली कोरडी वर्षे मात्र कोणीच लिहिली नाहीत. त्यामुळे पुर्णियाच्या रानांतून तो केव्हा गेला, मालद्यातून केव्हा गेला, याचे उत्तर आज देता येत नाही. १९३५ सालच्या जूनमध्ये दरभंगा भागातून चार्ल्स इंग्लिस या निसर्गनिरीक्षकाने केलेली नोंद ही शेवटची निःसंशय नोंद समजतात. ती नोंद होताना, ही शेवटची, हे तेथे कोणालाही ठाऊक नव्हते.

येथपर्यंतची कथा न लिहिण्याची. यापुढची आहे अति लिहिण्याची!

पक्षी दिसेनासा झाला आणि त्याची कीर्ती वाढली. बक्षिसे नव्हती, परंतु शोधकाचा मान होता; आणि मनुष्य द्रव्यापेक्षा मानाला अधिक भुलतो. नंतरच्या काळात ठिकठिकाणांहून पत्रे येऊ लागली की ते बदक आम्ही पाहिले. ती तपासली असता बहुतेकांचा शेवट एकाच ठिकाणी होई. आपल्याकडे हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे आणखी एक बदक आहे. मराठीत त्याला 'मोठी लालसरी' म्हणतात. नराचे डोके गोल, फुगीर, तांबूस-नारिंगी रंगाचे असते आणि चोच लालभडक. बिहारमध्ये त्याचे प्रसिद्ध नाव 'लालसर'. आता एखाद्या शोधकाने खेड्यात जाऊन विचारावे, 'लालसिरा येतो का?' आणि खेडुताने मोकळ्या मनाने सांगावे, 'दर साल येतो, साहेब.' दोघेही खरे बोलत आहेत, आणि दोघे निरनिराळ्या पक्ष्यांविषयी बोलत आहेत.

दोन्ही पक्षी शेजारी ठेवले तर लहान मूलदेखील त्यांना ओळखील. मोठ्या लालसरीची छाती काळी, कुशी पांढरी, आणि उडताना पंखावर रुंद पांढरा पट्टा झळकतो. गुलाबी डोक्याच्या बदकाचे पोट, पाठ, कुशी सारे काळसर तपकिरी. कुशींवर पांढरे असे काही नाहीच. पंखावरचा पट्टा फिकट बदामी, आणि चोचही गुलाबीच. परंतु निसर्ग पक्ष्यांना शेजारी शेजारी मांडून दाखवीत नाही. धुके असते, सूर्य डोळ्यांत येत असतो, बदक अर्धे गवतात असते. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे पाहणाऱ्याच्या मनात ते बदक आधीपासूनच पोहत असते.

ही शेवटची अडचण मी पुस्तकात वाचलेली नाही. त्याची हकीकत सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. नाशिक जिल्ह्यात गोदावरीवर नांदूर मधमेश्वर येथे जुना बंधारा आहे. त्याच्या मागे साचलेल्या गाळात गवत, वेत व पाणवनस्पती माजून एक अफाट पाणथळ तयार झालेली आहे. २०२० साली या जागेला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान्यता मिळाली. महाराष्ट्रातील ती अशी पहिली जागा. परंतु माझी गोष्ट त्यापूर्वीची आहे. मी आणि माझे एक वयोवृद्ध स्नेही जानेवारीच्या एका पहाटे तेथे गेलो होतो. हे स्नेही पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना आम्ही सारे 'अण्णा' म्हणत असू. चाळीस वर्षे पक्षी पाहणारा, परंतु सभेत कधी तोंड न उघडणारा असा हा मनुष्य. त्यांचा एक नियम असे. पक्षी दिसला की प्रथम वहीत लिहावयाचे, मग बोलावयाचे. 'तोंडातून नाव बाहेर पडले की डोळे त्या नावाची चाकरी करू लागतात,' असे ते म्हणत. मला त्या वयात हा नियम कारकुनी वाटे.

त्या पहाटे अण्णा काठावर थर्मासमधून चहा ओतीत होते आणि मी थोडा पुढे गेलो होतो. गवताच्या एका फटीतून, सुमारे शंभर पावलांवर, मला ते दिसले. काळपट अंग आणि गुलाबी डोके. आजही मी डोळे मिटले तर मला ते गुलाबीच दिसते! काही क्षणांत ते गवतामागे गेले. मी धावत परत आलो आणि ओरडलो, 'अण्णा, गुलाबी डोक्याचे बदक!' त्यांनी पेला खाली ठेवला, वही काढली, आणि माझ्याकडे न पाहता विचारले, 'कुशी कोणत्या रंगाच्या होत्या?' मी म्हणालो, काळ्या. 'पाहिल्यास?' मी म्हणालो, गवताआड होत्या. 'चोच?' मी म्हणालो, गुलाबी असावी. त्यांनी लिहिले. 'असावी' हा शब्दही लिहिला. मला त्याचा राग आला.

शेजारीच एक भोई आपली जाळी सोडवीत बसला होता. त्याने आमचे बोलणे ऐकले असावे. तो म्हणाला, 'सायेब, जरा ऊन वर येऊ द्या. मग काय दिसतंय ते बोला.' परंतु मला धीर नव्हता. मी त्याच दुपारी नाशिकला येऊन चार ठिकाणी दूरध्वनी केले. एका परिचिताने ती वार्ता एका दैनिकाच्या कानावर घातली. तिसऱ्या दिवशी वार्ता छापून आली, आणि चौथ्या दिवशी, रविवारी, त्या काठावर जत्रा भरली. मोटारी आल्या, लहान मुले आली, भजी तळणारा आला. गवत तुडविले गेले. दोन हौशी तरुण छायाचित्रासाठी गवतात शिरले तेव्हा बगळ्यांचा आणि शराट्यांचा एक प्रचंड थवा उठला आणि दूर पलीकडे जाऊन बसला. त्या गर्दीत दुपारच्या लख्ख उन्हात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, ते बदक शांतपणे उघड्या पाण्यात आले. पांढऱ्या कुशी, काळी छाती, नारिंगी डोके. मोठी लालसरी. एक नव्हे, तीन नर होते.

कोणी मला काही बोलले नाही, हेच अधिक लागले. त्या भोयाने त्या दिवशी जाळे टाकलेच नव्हते. इतक्या कल्लोळात त्याला मासे मिळणार कोठून? मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो एवढेच म्हणाला, 'व्हतं असं, सायेब.' त्याचा बुडालेला दिवस मी भरून देऊ लागलो तर त्याने पैसे घेतले नाहीत. अण्णांनी परतीच्या गाडीत आपली वही माझ्या हातात दिली. त्यांनी त्या पहिल्या पहाटे लिहिले होते: 'बदक, एक, अंतर शंभर पावले, धुके, सूर्य समोर. डोके गुलाबी वाटले. कुशी दिसल्या नाहीत. चोच गुलाबी असावी. जाती अनिश्चित.' श्रोतेहो, त्या ओळीत एक अक्षरही चुकीचे नव्हते. मी पाहिले तेच त्यांनी लिहिले होते. चूक होती ती मी ठोकून दिलेल्या नावात. मी वहीतल्या प्रमाणे बोललो असतो तर मला मागे घ्यावे लागावे असे काहीच उरले नसते.

मी त्या दैनिकाला खुलाशाचे पत्र पाठविले. ते छापून यावयास तीन आठवडे लागले, आणि आले ते बाजारभावांच्या खाली.

माझ्या चुकीत निदान लबाडी नव्हती. लबाडीचे एक उदाहरण मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. ते आपल्या खानदेशातील आहे, आणि त्यातला पक्षी पाणथळीतील नसून सातपुड्याच्या झाडीतील आहे. परंतु साक्षीचा विषय निघाला की ते टाळता येत नाही. रानपिंगळा नावाचे एक लहान घुबड आहे. जेम्स डेव्हिडसन या खानदेशातील इंग्रज अधिकाऱ्याने १८८० नंतरच्या वर्षांत शहादा-तळोदा भागातून त्याचे नमुने मिळविले होते. त्यानंतर त्याचा एकच नमुना होता. तो कर्नल रिचर्ड मायनर्त्झहागेन या प्रतिष्ठित पक्षिसंग्राहकाने १९१४ साली गुजरातेतील मांडवीजवळ मिळविला, असे त्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिलेले होते. पुढच्या पिढीतील शोधकांनी त्या चिठ्ठीवर भरवसा ठेवून भलत्याच जागी रानपिंगळा शोधला. पुढे पॅमेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने तो नमुना नीट तपासला, तेव्हा उघडकीस आले की तो डेव्हिडसनच्याच जुन्या नमुन्यांपैकी एक होता. कर्नलसाहेबांनी तो संग्रहालयातून उचलला, त्याची भरणी बदलली आणि नवी चिठ्ठी लावली! खोटी चिठ्ठी बाजूला सारून रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी १९९७ सालच्या नोव्हेंबरात खऱ्या नोंदींच्या जागी, म्हणजे शहाद्याजवळ, आले. आणि ११३ वर्षांनंतर रानपिंगळा भर दिवसा झाडावर बसलेला दिसला. एका खोट्या ओळीने शोध कित्येक वर्षे भरकटवला, आणि डेव्हिडसनच्या खऱ्या ओळीने शंभर वर्षांनंतरही वाट दाखविली.

सांगावयाचे असे की लेखणी हाती असलेल्या सभ्य गृहस्थाची साक्ष तेवढी खरी, आणि जाळे हाती असलेल्याची संशयास्पद, असा जो आपला समज असतो, त्याला फारसा आधार नाही. आंध्र प्रदेशात जेर्डनचा धाविक नावाचा एक पक्षी १९०० सालानंतर कोणी पाहिला नव्हता. मोठमोठे तज्ज्ञ त्याला दिवसा शोधीत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भारत भूषण कडप्पा जिल्ह्यात गावोगाव चित्र दाखवीत हिंडले. आणि १९८६ सालच्या जानेवारीत ऐतन्ना नावाच्या एका स्थानिक पारध्याने तो पक्षी रात्री, विजेरीच्या उजेडात, जिवंत पकडून आणला. पक्षी निशाचर होता! ज्यांनी त्याला कधी पाहिलेच नव्हते ते सारे त्याच्या झोपेच्या वेळी त्याला भेटावयास जात होते.

गुलाबी डोक्याच्या बदकाचा शोध अलीकडे ब्रह्मदेशाकडे, म्हणजे आजच्या म्यानमारकडे, वळला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे तो मिळाल्याच्या नोंदी आहेत, आणि उत्तरेकडील काचिन प्रांतात उंच गवताची दुर्गम पाणथळे अद्याप शिल्लक आहेत. २००३ सालापासून तेथे अनेक मोहिमा गेल्या. त्यांनी गावकऱ्यांना चित्रे दाखविली आणि कोळ्यांच्या मुलाखती घेतल्या. एकदा एका निरीक्षकाला उडते बदक क्षणभर दिसले. परंतु शंका पूर्णपणे फिटावी इतके ते नीट दिसले नाही, आणि त्याने तसेच लिहिले. मला त्या अज्ञात मनुष्याविषयी फार आदर वाटतो. हजारो मैल जाऊन, चिखल तुडवून, आयुष्यातील सर्वांत मोठी वार्ता जिभेवर आलेली असता त्याने 'संभाव्य' हा शब्द लिहिला! २०१७ साली आणखी एक मंडळी इंदॉजी सरोवरावर जाऊन आली. त्यांनाही काही मिळाले नाही. जागतिक यादीत या बदकाला अद्याप नामशेष म्हटलेले नाही. अत्यंत संकटग्रस्त, बहुधा नामशेष, असे त्याचे वर्णन करतात. न्यायालयाच्या भाषेत बोलावयाचे तर आरोपी बेपत्ता आहे, मृत्यूचा दाखला नाही.

मग उद्या खरोखरच कोणाला तो दिसला, तर? आज पक्षिमित्रांना परस्परांस कळविण्याची साधने पूर्वी कधी नव्हती इतकी आहेत. काठावर उभे राहूनच यादी पाठविता येते, ती जगभर वाचली जाते, आणि जाणकार तासाभरात प्रश्न विचारतात. ह्यूमसाहेबांना हे मिळाले असते तर त्यांनी आनंदाने आपली टोपी हवेत फेकली असती. शिवाय या याद्यांत, मी अमुक वेळ येथे होतो आणि जे ओळखले ते सर्व लिहिले आहे, असे सांगण्याची सोय असते. म्हणजे जे दिसले नाही त्याचाही हिशोब आपोआप राहतो. पुर्णियाच्या रानांत जे राहून गेले ते आता घरातील शाळकरी मुलगाही करू शकतो. दरवर्षी जानेवारीत आशिया खंडातील पाणपक्ष्यांची गणना होते, १९८७ पासून होत आली आहे. तिच्यात शून्य लिहिलेला कागदही तितक्याच काळजीने ठेवतात.

परंतु जागेचे नाव सर्वांना सांगावे काय? मी स्वतः एका लालसरीसाठी जत्रा भरविलेली आहे, तेव्हा माझे मत एकांगी असेल, तथापि सांगतो. काय पाहिले ते अवश्य सांगावे, लगेच सांगावे. कोठे पाहिले ते प्रथम दोन-तीन जाणकारांना आणि वनखात्याला सांगावे. घरटे असेल तर त्याहून कोणालाही नाही. याद्या ठेवणाऱ्या संस्थाही आता अतिदुर्मीळ आणि धोक्यातील पक्ष्यांची नेमकी जागा जाहीर यादीतून झाकून ठेवतात. कोणी म्हणेल, हा ज्ञानाचा मक्ता झाला. असेल. परंतु ज्या गवतात पक्षी राहतो त्या गवताला आपली बाजू मांडता येत नाही, आणि मी त्याला एका रविवारात आडवे झालेले पाहिले आहे.

छायाचित्राविषयी दोन शब्द. छायाचित्र असले की साक्ष पक्की, असे सर्रास मानतात. पुष्कळदा ते खरेही आहे. तरी त्या पहाटे माझ्या हाती चांगला कॅमेरा असता तर धुक्यातील त्या प्रकाशात त्यानेही गुलाबीच डोके टिपले असते, आणि मी अधिक हट्टाला पेटलो असतो. चित्रात रंग येतो; प्रकाश कोणत्या दिशेने होता, पक्षी पोहत होता की बुडी मारत होता, सोबत कोण होते, किती वेळ दिसला, हे मनुष्यालाच लिहावे लागते. आणि लिहावयाचे ते तेथेच, चहा निवत असला तरी.

अण्णा आता नाहीत. त्यांच्या वह्या त्यांच्या मुलीने माझ्याकडे दिल्या. एकूण तेवीस आहेत. गेल्या दोन पावसाळ्यांत मी त्या वाचून, तारीखवार लावून, पक्षिनोंदींच्या संग्रहात घालण्यासाठी उतरून काढीत आहे. काम सावकाश चालले आहे, कारण अक्षर बारीक आहे आणि मी मधेच वाचत बसतो. 'जाती अनिश्चित' हे दोन शब्द त्यांत जागोजाग येतात. माझ्या त्या प्रसिद्ध सकाळच्या पानावर, आधी सांगितलेल्या ओळीखाली, रविवारची तारीख घालून वेगळ्या शाईने त्यांनी लिहिले आहे: 'मोठी लालसरी, नर तीन. ऊन वर आल्यावर. भोयाने आधीच सांगितले होते.' त्या भोयाचे नाव मात्र अण्णांनी लिहिलेले नाही, आणि मीही त्या दिवशी विचारले नव्हते. गेल्या जानेवारीत गणनेसाठी गेलो तेव्हा काठावर चौकशी केली. त्याचा नातू आता पर्यटकांना होडीतून पक्षी दाखवितो, असे कळले. तो त्या सकाळी पलीकडच्या काठाला गेला होता. पुढच्या खेपेस त्याची गाठ घेणार आहे.